कॉम्प्युटरवर लॉग काढताना अंक कुठे गळतात: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पायथॉन उघडा आणि १००० च्या लॉगला १० च्या लॉगने भागा. उत्तर ३ यायला हवं. येतं २.९९९९९९९९९९९९९९९६. एखाद्या संख्येत अंक किती हे काढायची एक रीत बऱ्याच जणांना माहीत असते: १० पायाचा लॉग घ्या, पूर्णांक भाग ठेवा, १ मिळवा. त्या रीतीने वरच्या उत्तरावरून १००० मध्ये अंक किती? तीन! सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानासाठी कुणी बिलिंगचा प्रोग्रॅम लिहिला आणि रकमेच्या रकान्याची रुंदी अशी ठरवली, तर ९९९ पर्यंत सगळं ठीक चालेल आणि नेमकी हजाराची पट्टी बिघडेल.

ज्यांनी बारावी सायन्स केलं आहे आणि आता सांगली, मिरज, तासगाव, विटा अशा ठिकाणी बसून प्रोग्रॅमिंग हाताळायला लागले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लॉग म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपराला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, त्यामुळे महाराष्ट्रातल्या मुलांना लॉगची बऱ्यापैकी सवय असते. ती सवय इथे कामाला येईल.

आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. उत्तर चुकलं की संशय लॉगच्या फंक्शनवर जातो. पण नावाजलेल्या लायब्ररीतलं लॉग फंक्शन शेवटच्या बायनरी अंकाच्या एका घराइतकीही चूक सहसा करत नाही. अंक गळतात ते लॉगच्या दारात पोचण्याआधी, म्हणजे १ मिळवताना, भागाकार करताना, घात चढवताना. कधी लॉग घेऊन झाल्यावर वजाबाकी करतानाही गळतात. म्हणून कोड तपासताना कंसाच्या आत काय लिहिलं आहे ते आधी बघायचं.

फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, ती टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करायची. घातासाठी ^ ही खूण वापरली आहे. १०^-५ म्हणजे १० चा उणे पाचवा घात. नैसर्गिक लॉगचा पाया ई, म्हणजे २.७१८२८ ही संख्या.

पायरी १: हा लॉग कुठल्या पायाचा?

हे काम दोन मिनिटांचं आहे, पण वगळू नका. सी, जावा, जावास्क्रिप्ट, पायथॉन आणि आर या भाषांत नुसतं लॉग म्हणजे ई पायाचा लॉग. एक्सेलच्या शीटवर मात्र लॉग म्हणजे १० पायाचा, आणि त्याच एक्सेलच्या व्हीबीए मॅक्रोमध्ये लॉग म्हणजे ई पायाचा. एकाच फाइलमध्ये दोन अर्थ! डेटाबेसमध्येही तोच घोळ आहे: मायएसक्यूएलमध्ये लॉग ई पायाचा, पोस्टग्रेसमध्ये १० पायाचा. पाठांतर करत बसू नका. नवीन जागी गेलात की लॉग(१०) विचारा. १ आलं तर पाया १०, आणि २.३०२५८५ आलं तर पाया ई.

पायरी २: संख्या साठवतात कशी, ते समजून घ्या

बहुतेक भाषांत दशांश संख्या आयईईई ७५४ या मानकानुसार साठवली जाते. हे मानक १९८५ मध्ये आलं. त्यामागे सगळ्यात मोठा हात विल्यम कहान यांचा होता आणि त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. नेहमीच्या डबल प्रकारात ६४ बिट असतात. त्यातला १ बिट चिन्हाला, ११ घाताला आणि ५२ अंकांना. सुरुवातीचा १ गृहीत धरलेला असतो, म्हणून प्रत्यक्षात ५३ बिटांची अचूकता मिळते. दशांशात ते साधारण १६ अंक होतात.

महत्त्वाचं हे की दोन शेजारच्या संख्यांमधली फट सगळीकडे सारखी नसते. १ च्या लगेच पुढची संख्या २.२२ × १०^-१६ इतकी लांब आहे. १०^१५ च्या आसपास हीच फट ०.१२५ होते. उलट शून्याजवळ फटी फारच बारीक असतात, त्यामुळे १०^-१० ही संख्या एकटी असेल तर तिचे पूर्ण १६ अंक साठवले जातात. पण तिच्यात १ मिळवलात की ती १ च्या शेजारच्या जाड फटींमध्ये येऊन पडते आणि तिचे जेमतेम सहा अंक शाबूत राहतात. बाकीचे तिथेच संपले. पुढच्या बऱ्याचशा पायऱ्या याच एका प्रकाराभोवती फिरतात.

पायरी ३: लायब्ररीच्या आत डोकावून बघा

लॉग टेबल वापरताना आपण काय करायचो? ०.०३४७ चा लॉग हवा असेल तर संख्या ३.४७ × १०^-२ अशी फोडायची, कॅरॅक्टरिस्टिक '२ बार' लिहायची, आणि टेबलातून मँटिसा ०.५४०३ उचलायचा. कॉम्प्युटरही तेच करतो, फक्त १० ऐवजी २ चे घात वापरतो. ०.०३४७ म्हणजे १.११०४ × २^-५. मग उत्तर झालं -५ गुणिले २ चा लॉग, अधिक १.११०४ चा लॉग. घाताचा आकडा संख्येच्या बिटांत तयारच लिहिलेला असतो, त्यामुळे तो काढायला काही कष्ट नाहीत. १ च्या जवळच्या संख्येचा लॉग एखाद्या बहुपदीने किंवा छोट्या टेबलाच्या मदतीने काढता येतो. बेरीज येते -३.३६१०.

आपण टेबलावर ज्याच्याकडे लक्ष द्यायचो नाही त्या दोन गोष्टी लायब्ररी लिहिणारे मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळतात.

पहिली गोष्ट 'बार'ची. ०.९९९९ चा लॉग चार अंकी टेबलातून काढून बघा. कॅरॅक्टरिस्टिक १ बार, म्हणजे -१. मँटिसा जवळजवळ १. दोन्हींची बेरीज केली की सगळं एकमेकांत कटतं आणि खऱ्या उत्तराचा, म्हणजे -०.००००४३४ चा, एकही अंक हाती लागत नाही. लायब्ररीने संख्या नेहमी १ ते २ मध्ये आणून फोडली असती तर तिचंही हेच झालं असतं. म्हणून पुष्कळ लायब्रऱ्या ०.७०७ ते १.४१४ असा पट्टा धरतात. ०.९९९९ चा घात मग शून्यच राहतो आणि कटण्यासारखं काही उरतच नाही.

दुसरी गोष्ट २ च्या लॉगची. ०.६९३१४७… ही संख्या डबलमध्ये नेमकी बसत नाही. ती दोन तुकड्यांत ठेवतात. मोठ्या तुकड्याच्या शेवटी मुद्दाम शून्य बिट सोडलेले असतात, म्हणजे त्याला घाताने गुणलं तरी गुणाकार नेमका येतो. छोटा तुकडा शेवटी वेगळा मिळवतात. सन कंपनीच्या जुन्या, मोकळ्या सोडलेल्या गणिती लायब्ररीत हे दोन्ही उपाय स्वच्छ दिसतात. जावाची स्ट्रिक्टमॅथ तिच्यावरच बेतलेली आहे. सी वाचता येत असेल तर तिची लॉगची फाइल जरूर वाचा. फार मोठी नाही आणि तिच्यातल्या टिपा कोडपेक्षाही वाचनीय आहेत.

एवढी काळजी तिथे घेतलेली असते. म्हणून स्वतःचं लॉग फंक्शन लिहायच्या भानगडीत पडू नका.

पायरी ४: पाया बदलताना भागाकार टाळा

सुरुवातीचं २.९९९… आता उलगडेल. १००० चा लॉग अगदी थोडा गोल झाला, १० चा लॉगही थोडा गोल झाला, भागाकार पुन्हा गोल झाला. तीन गोलाया मिळून शेवटच्या अंकात घसरल्या. पायथॉनमध्ये लॉग(१२५, ५) विचारलं तर ३.०००००००००००००००४ येतं, तिथे तीच घसरण उलट्या बाजूला झाली.

१० आणि २ या पायांसाठी वेगळी फंक्शनं आहेत, लॉग१० आणि लॉग२. तीच वापरा. लॉग१०(१०००) नेमके ३ देतं. पायथॉनच्या लॉगला दुसरा आकडा म्हणून पाया देता येतो खरा, पण आत भागाकारच होतो, तेव्हा १० आणि २ साठी त्या सोयीच्या मागे लागू नका.

पण लॉग१० वापरलं म्हणून अंक मोजण्याची रीत सुरक्षित झाली असं समजू नका. ९९,९९,९९,९९,९९,९९,९९९ घ्या, म्हणजे १०^१५ उणे १. ही संख्या डबलमध्ये तंतोतंत बसते. तिचा खरा लॉग १५ पेक्षा ४.३ × १०^-१६ ने कमी आहे. पण १५ च्या लगेच अलीकडची डबल संख्या १.७८ × १०^-१५ इतकी दूर आहे. खऱ्या उत्तराला सगळ्यात जवळची संख्या १५ हीच, आणि फंक्शन तेच देतं. त्याने काही चूक केलेली नाही. तरी तुमचं अंक मोजण्याचं उत्तर १५ ऐवजी १६ येईल. जगातली कुठलीही डबल-लायब्ररी इथे तुमच्या मदतीला येऊ शकत नाही, कारण हवं ते उत्तर ठेवायला तिथे जागाच नाही.

पूर्णांकांचे अंक मोजायचे तर लॉग नकोच. संख्येची स्ट्रिंग करून तिची लांबी घ्या. बायनरी अंक हवे असतील तर पायथॉनच्या पूर्णांकाला बिट_लेंग्थ आहे. वेगासाठी लॉगच हवा असेल तर त्याचा पूर्णांक भाग अंदाज म्हणून घ्या आणि १० चा तो घात पूर्णांकातच काढून मूळ संख्येशी ताडून बघा. तो घात संख्येपेक्षा मोठा ठरला तर अंदाजातून एक काढा, त्याच्या पुढचा घातही संख्येइतका किंवा लहान निघाला तर एक मिळवा. शेवटी रीतीप्रमाणे १ मिळवा.

जाता जाता: पायथॉनचं लॉग फंक्शन अवाढव्य पूर्णांकही घेतं. १०^१००० चा लॉग मागितला तर २३०२.५८५ मिळतं, जरी ती संख्या डबलमध्ये मावत नसली तरी. फक्त आधी तिचं फ्लोट (पायथॉनमध्ये डबललाच फ्लोट म्हणतात) करायला जाऊ नका, तिथे एरर येईल.

पायरी ५: कंसात '१ अधिक काहीतरी बारीक' असेल तर थांबा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ही पायरी ठेवा.

लॉग(१ + १०^-१०) काढा. पायथॉन १.०००००००८२६९ × १०^-१० देतो. खरं उत्तर ९.९९९९९९९९९५ × १०^-११ आहे. आठव्या दशांश स्थळापासून सगळं खोटं. १ मध्ये मिळवायच्या बारीक संख्येला क्ष म्हणू. क्ष = १०^-१५ घेतलं तर उत्तर १.११ × १०^-१५ येतं, म्हणजे ११ टक्के चूक. क्ष = १०^-१६ घेतलं तर १ + क्ष पुन्हा १ च होतो आणि लॉग शून्य येतो. लॉगने प्रत्येक वेळी त्याच्या हातात दिलेल्या संख्येचं बरोबरच उत्तर दिलं. त्याच्या हातात दिलेली संख्याच बदललेली होती.

यावर तयार औषध आहे, लॉग१पी. त्याला क्ष द्यायचा, ते १ + क्ष चा लॉग देतं. १ मिळवण्याचं काम ते आतल्या आत, अंक न गाळता उरकतं. सी भाषेच्या १९९९ च्या मानकात ते आहे, जावात आवृत्ती ५ पासून, जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून, पायथॉनमध्ये २.६ पासून. रस्टमध्ये त्याला एलएन_१पी म्हणतात. कॉम्प्युटरवाल्यांच्या बरंच आधी कॅल्क्युलेटरवाल्यांना याची गरज कळली होती: १९७९ च्या एचपी-४१सी वर १ + क्ष च्या लॉगचं वेगळं फंक्शन होतं.

एखाद्या ठिकाणी लॉग१पी नसेलच, तर कहान यांची एक युक्ती आहे:

उ = १ + क्ष
जर उ == १ असेल, तर उत्तर = क्ष
नाहीतर उत्तर = लॉग(उ) × क्ष / (उ − १)

पहिल्यांदा बघितल्यावर ही जादू वाटते. उ मध्ये गोलाईची चूक आहेच. पण उ − १ ही वजाबाकी तंतोतंत होते, म्हणजे उ मधली चूक तिच्यातही जशीच्या तशी उतरते. वर लॉग(उ) आणि खाली उ − १, दोन्ही एकाच चुकलेल्या उ वर उभे आहेत. या दोघांचं गुणोत्तर १ च्या आसपास फार हळू बदलतं, त्यामुळे उ किंचित हलला तरी गुणोत्तराला फरक पडत नाही. त्या गुणोत्तराला खऱ्या, न बिघडलेल्या क्ष ने गुणलं की उत्तर जागेवर येतं. एक धोका आहे. सी कंपायलरला फास्ट-मॅथचा पर्याय दिला असेल तर तो हुशारी करून (१ + क्ष) − १ च्या जागी सरळ क्ष लिहू शकतो, आणि मग युक्ती संपली. तो पर्याय तुमच्या बिल्डमध्ये कुणी टाकला आहे का, ते बघून घ्या.

लॉग१पी चा जोडीदार एक्स्प्एम१. तो ई चा क्षवा घात उणे १ देतो, तेही क्ष बारीक असताना अंक न गाळता. दोघांची जोडी कुठे लागते त्याचं उदाहरण: एक संदेश बिघडण्याची शक्यता १०^-१७ आहे आणि तुम्ही १०^१२ संदेश पाठवता. निदान एक बिघडण्याची शक्यता किती? पुस्तकी सूत्र आहे १ − (१ − प)^न, प ही एक संदेश बिघडण्याची शक्यता आणि न संदेशांची संख्या. पण १ − १०^-१७ म्हणजे कॉम्प्युटरला १ च, म्हणून उत्तर शून्य. 'कधीच काही बिघडणार नाही' असा अहवाल तयार! त्याऐवजी −एक्स्प्एम१(न × लॉग१पी(−प)) लिहा. उत्तर येईल ९.९९९९५ × १०^-६, म्हणजे लाखात एक.

दोन जवळच्या संख्यांच्या गुणोत्तराचा लॉगही याच जातीचा. अ = १०^१५ + १ आणि ब = १०^१५ घ्या. लॉग(अ/ब) चं खरं उत्तर जवळपास १०^-१५ आहे. भागाकार करून लॉग घेतला तर पुन्हा तेच १.११ × १०^-१५. लॉग(अ) − लॉग(ब) केलं तर आणखी वाईट, कारण दोन्ही लॉग ३४.५ च्या आसपास आहेत आणि तिथे फट ७.१ × १०^-१५ ची आहे. त्या फटीच्या पटीखेरीज दुसरं काही उत्तर येऊच शकत नाही. बरोबर रीत: लॉग१पी((अ − ब)/ब). अ आणि ब एकमेकांच्या दुपटीच्या आत असतील तर अ − ब ही वजाबाकी नेमकी होते, एक अंकही गळत नाही.

आता उलट बाजू. हे वाचून प्रत्येक लॉगच्या जागी लॉग१पी ठोकू नका. हळदीच्या रोजच्या भावातले चढउतार लॉगमध्ये मांडायचे आहेत? आज क्विंटलचा भाव काल पेक्षा एका टक्क्याने वर गेला तर क्ष = ०.०१. साध्या लॉगने सोळातले दोन अंक जातील, चौदा उरतील. भाव पाच-सहा अंकी असतो, तिथे चौदा अंकांचं काय लोणचं घालायचं आहे? तसंच पतसंस्थेच्या दामदुप्पट ठेवीचं. वर्षाला ७ टक्के चक्रवाढ असेल तर रक्कम दुप्पट व्हायला २ चा लॉग भागिले १.०७ चा लॉग, म्हणजे १०.२४ वर्षं. इथे साधा लॉग पुरतो. हाच दर प्रत्येक सेकंदाच्या चक्रवाढीवर नेला तर मात्र क्ष २.२ × १०^-९ होतो आणि सात-आठच अंक खरे उरतात. तिथे लॉग१पी हवंच.

सेन्सरवाल्यांनाही हेच सांगेन. समजा तासगावच्या एखाद्या बेदाणा शेडमध्ये तापमान नोंदवायला कुणी थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर) आणि अर्डुइनो उनो आर३ हा छोटा बोर्ड लावला. तापमानाच्या सूत्रात रोधांच्या गुणोत्तराचा लॉग येतो, आणि २५ अंशांच्या आसपास ते गुणोत्तर १ जवळ असतं. शिवाय उनोवर डबल असं लिहिलं तरी मिळतो ३२ बिटांचाच फ्लोट, म्हणजे सातेक अंक. काळजी करावी का? नको. त्या बोर्डाचा मोजणी करणारा भाग व्होल्टेजचे १०२४ च टप्पे ओळखतो. चूक तिथूनच एवढी मोठी येते की लॉगची गोलाई तिच्यात दिसणारही नाही. आधी थर्मिस्टर चांगला घ्या.

पायरी ६: गुणाकार लांबला की लॉगमध्ये राहा

कुठल्याही धन डबल संख्येचा नैसर्गिक लॉग -७४५ आणि ७१० यांच्यामध्येच असतो. सगळ्यात लहान संख्या ४.९४ × १०^-३२४, तिचा लॉग -७४४.४४, सगळ्यात मोठी १.८ × १०^३०८, तिचा ७०९.७८. म्हणजे लॉग स्वतः कधी फुगून फुटत नाही. फुटतात ते लॉगच्या आधीचे गुणाकार आणि घात. ०.५ ला स्वतःशी १०७५ वेळा गुणलं की शून्य. १७१ चं फॅक्टोरियल डबलमध्ये मावत नाही. म्हणून शक्यतांचे लांब गुणाकार लॉगच्या बेरजेने करतात, आणि फॅक्टोरियलचा लॉग हवा असेल तर एलगॅमा(न + १) वापरतात.

अडचण येते ती लॉगमध्ये असलेल्या संख्यांची बेरीज करायची वेळ आली की. समजा दोन शक्यतांचे लॉग -१००० आणि -१००१ आहेत आणि त्यांच्या बेरजेचा लॉग हवा आहे. सरळ घात चढवला तर दोन्ही शून्य होतात आणि पुढे शून्याचा लॉग. उपाय: दोघांतला मोठा, म्हणजे -१०००, बाजूला काढा. उरलेले फरक ० आणि -१. त्यांचे घात १ आणि ०.३६७९. बेरजेचा लॉग ०.३१३२६, त्यात बाजूला ठेवलेला -१००० मिळवा: -९९९.६८६७४. सगळ्यात मोठ्या पदाचा घात नेहमी १ च राहतो, त्यामुळे वर फुटायची भीती नाही. खाली जे शून्य होतात ते तसेही बेरजेत न दिसण्याइतके लहान असतात. पायथॉनच्या नमपाय लायब्ररीत दोन संख्यांसाठी लॉगअ‍ॅडएक्स्प आहे, सायपायमध्ये पूर्ण यादीसाठी लॉगसमएक्स्प.

आपल्या शेजारचं उदाहरण कोयनेचं. सातारा जिल्ह्यातल्या कोयनानगर परिसरात ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप झाला, आणि लहान धक्के तिथे नंतरही होत राहिले आहेत. भूकंपाची तीव्रता लॉगमध्येच मोजतात: एक एकक वाढलं की ऊर्जा १०^१.५ पट, म्हणजे साधारण ३२ पट. आता समजा एका काळात ४.० चे तीन आणि ३.० चे दहा धक्के झाले. सगळ्यांची ऊर्जा मिळून एकाच धक्क्यात आली असती तर तो किती तीव्रतेचा असता? प्रत्येकाची तीव्रता १.५ ने गुणा: ६ आणि ४.५. मोठा ६ बाजूला. उरलं ३ × १ अधिक १० × १०^-१.५, म्हणजे ३.३१६२. त्याचा १० पायाचा लॉग ०.५२०६. एकूण ६.५२०६, भागिले १.५: ४.३५. लहान दहा धक्क्यांनी त्यात फार भर घातली नाही, हे ३.३१६२ वरूनच कळतं. या आकड्यांना युक्तीची सक्ती नाही, साधी बेरीजही चालली असती. पण हात बसवायला उदाहरण चांगलं आहे, कारण कागदावर पडताळता येतं.

याच घरातलं आणखी एक: लॉग(१ + ई^क्ष). क्ष = १००० असेल तर घात फुटतो, क्ष = -४० असेल तर उत्तर शून्य येतं, खरं असतं ४.२५ × १०^-१८. क्ष ऋण असेल तर लॉग१पी(ई^क्ष) लिहा, धन असेल तर क्ष + लॉग१पी(ई^-क्ष).

आणि लॉग(१ − ई^-अ), अ धन असताना. हे जरा लबाड आहे, दोन्ही टोकांना बिघडतं. अ = १०^-२० असेल तर ई^-अ हा १ च होतो आणि शून्याचा लॉग घ्यावा लागतो, जेव्हा खरं उत्तर साधं -४६.०५ आहे. अ = ५० असेल तर ई^-अ नाहीसा होतो आणि उत्तर शून्य येतं. म्हणून दोन वाटा ठेवायच्या: अ हा ०.६९३ पर्यंत, म्हणजे २ च्या लॉगपर्यंत, असेल तर लॉग(−एक्स्प्एम१(−अ)), त्यापुढे लॉग१पी(−ई^-अ). सीमा तिथेच का? तिथे ई^-अ बरोबर अर्धा होतो. अलीकडे वजाबाकीने अंक जातात, पलीकडे १ शी बेरीज करताना.

पायरी ७: शून्य आणि ऋण संख्या

पायथॉनचं साधं लॉग(०) एरर देतं. नमपाय आणि सी उणे अनंत देतात. ऋण संख्येला नमपाय नॅन, म्हणजे 'ही संख्याच नाही' अशी खूण, देतं, आणि तो नॅन पुढच्या प्रत्येक बेरजेला लागून शेवटपर्यंत जातो. इथे एक सवय सर्रास दिसते, लॉग(क्ष + १०^-१०) लिहून मोकळं होण्याची. मला ती पटत नाही. शून्याच्या जागी -२३.०३ असा आकडा येतो जो कुठल्याच मोजमापातून आलेला नाही, आणि क्ष खरंच १०^-१२ असेल तर तोही त्याच आकड्यात बुडतो. शून्य का आलं ते आधी शोधा. शक्यता गुणाकारात विरली असेल तर पायरी ६ कडे जा. मोजमापच शून्य असेल तर त्याचं काय करायचं हे विषय जाणणाऱ्याला विचारा. तो प्रश्न प्रोग्रॅमिंगचा नाही. क्ष × लॉग(क्ष) सारखं पद असेल, जसं एन्ट्रॉपीत येतं, तर क्ष = ० ला त्याची किंमत शून्य धरायची असते. सायपायचं एक्सलॉगवाय नेमकं तेच करतं.

पायरी ८: तपासायचं कसं

डबलचं उत्तर डबलनेच तपासून काही कळत नाही. पायथॉनचं एमपीमॅथ बसवा, अचूकता ५० अंकांवर ठेवा आणि त्याच्याशी ताडा. डेसिमल मॉड्यूलमध्येही एलएन आहे, तेही चालेल. ताडताना एक खोच सांभाळा: एमपीमॅथला '०.१' ही स्ट्रिंग देऊ नका, तुमच्या व्हेरिएबलमधली डबल संख्याच द्या. ०.१ डबलमध्ये नेमका बसत नाही, त्यामुळे स्ट्रिंग दिलीत तर दोन वेगळ्या संख्यांचे लॉग ताडत बसाल आणि निर्दोष फंक्शनवर ठपका ठेवाल.

फरक टक्क्यांत मोजू नका, फटींमध्ये मोजा. पायथॉन ३.९ पासून मॅथ मॉड्यूलमध्ये यूएलपी फंक्शन आहे. ते एखाद्या संख्येजवळची फट किती ते सांगतं. फरक भागिले यूएलपी एक-दोनच्या आत असेल तर सोडून द्या. हजारात असेल तर कोडमध्ये कुठेतरी १ मिळवला जातो आहे.

कुठल्या संख्यांवर तपासायचं? १ स्वतः, १ च्या लगेच पुढची आणि मागची डबल संख्या, १०^-५ पासून १०^-२० पर्यंतचे क्ष, १० चे सगळे घात आणि त्यांच्या एकने कमी-जास्त शेजारी, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी डबल संख्या, शून्य, एक ऋण संख्या आणि नॅन. मधल्या हजारो रँडम संख्यांवर वेळ घालवण्यापेक्षा ही यादी आधी चालवा.